पाठपोट लिहिलेलं पत्र

जुलै 2011 मध्ये मी ह्यांच्या पलटणीच्या सीओ साहेबांना एक पत्र लिहिलं. अंगणवाडीच्या जुन्या वहीतला आखीव कागद, निळं बॉलपेन, आणि भाषा मराठीच. हिंदीत मनातलं नीट उतरेना, इंग्रजीचा प्रश्नच नव्हता. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, धाकट्या दिरानं बांधाचं भांडण उकरून काढलं होतं, लेक तीन वर्षांची आणि धाकटा पोटात. ‘ह्यांना पंधरा दिवसांची रजा मिळावी ही नम्र विनंती’ इथपर्यंत पान भरलं. मग कागद उलटला आणि मागच्या बाजूला अजून सात-आठ ओळी लिहिल्या.

रजा मिळाली नाही. सासूबाई सप्टेंबरात गेल्या. हे पोचले ते दहाव्याला.

ते पत्र मी विसरूनही गेले होते. सात वर्षांनी ते परत माझ्या हातात आलं. ह्यांच्या मेडिकल बोर्डाच्या कागदांत लावलेलं होतं, आणि ह्यांच्या आजाराचं कारण म्हणून त्याच्याकडे बोट दाखवलेलं होतं.

हे सगळं आता लिहायला बसले, कारण मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला आणि तेव्हापासून फोन थांबत नाहीत. स्किझोफ्रेनिया म्हणून फौजेतून काढलेल्या एका जवानाची डिसॅबिलिटी पेन्शन न्यायालयानं मंजूर केली, आणि सांगितलं की मेडिकल बोर्डानं कारणं न देता मत दिलं असेल तर त्या मताच्या जोरावर माणसाचा हक्क काढून घेता येत नाही. बातमी व्हॉट्सॲपवर फिरली. ज्यांच्या घरात मनाच्या आजाराने बोर्डआउट होऊन, म्हणजे मेडिकल बोर्डानं नोकरीतून काढल्यामुळे, परत आलेलं माणूस आहे, त्या बायका मला विचारतात की तुमचं कसं झालं. प्रत्येकीला फोनवर सांगायला दोन तास लागतात, म्हणून एकदाच लिहिते.

ह्यांची भरती मार्च 2002 ची, वय 19. आमच्या सातारा जिल्ह्यात बारावीनंतर भरतीला पळणं हा सरळ रस्ता. अपशिंगे गावाच्या तर नावातच मिलिटरी आहे. भरतीच्या वेळी डॉक्टरांनी डोक्यापासून पायापर्यंत तपासलं आणि कागदावर कुठलाही दोष लिहिला नाही. एवढी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

2008 ते 2010 हे कुपवाड्याला राष्ट्रीय रायफल्समध्ये होते. त्या काळातलं त्यांनी मला एकच काय ते सांगितलं आहे, आणि ते मी इथे लिहिणार नाही. तिथून उत्तर सिक्कीम, उंचावरची चौकी. 2012 च्या मध्यावर पलटण खाली आली, एका मोठ्या छावणीच्या शहरात. फौजेच्या भाषेत ‘पीस स्टेशन’, म्हणजे शांत ठिकाण.

मला पहिल्यांदा वेगळं वाटलं ते फेब्रुवारी 2011 च्या सुट्टीत. पहाटे तीनला उठून हे ओट्यावर बसायचे आणि बूट पॉलिश करायचे. एकच जोडी, उजाडेपर्यंत. भाकरी कुस्करून ठेवायचे, खायचे नाहीत. लेकीला कडेवर घ्यायचे आणि मग ती कडेवर आहे हेच विसरल्यासारखे उभे राहायचे. शेजारच्या आत्या म्हणाल्या, बाहेरचं काहीतरी असेल. आम्ही देवऋष्याकडे गेलो, अंगारा आणला. डॉक्टरकडे नेलं नाही. नेलं असतं तर कागद झाला असता, कागद पलटणीत कळला असता, आणि हवालदारकीचा कॅडर, म्हणजे बढतीचा कोर्स, तोंडावर आला होता. ही आमची चूक. आमची म्हणजे माझीसुद्धा. कुणीही विचारायला आलं की मी पहिल्यांदा हे सांगते.

फेब्रुवारी 2013 मध्ये परेडच्या वेळी हे बराकीत खाटेवर बसून राहिले. उठवलं तरी उठेनात. मिलिटरी हॉस्पिटलच्या मानसोपचार वॉर्डात दाखल केलं. नैराश्य, म्हणजे डिप्रेशन, हे नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. फौजेत तब्येतीची कॅटेगरी ‘शेप’ या पाच इंग्रजी अक्षरांत मांडतात: कान, हातपाय, अंगातली ताकद, डोळे, यांना एकेक अक्षर. पण सगळ्यांत पहिलं अक्षर ‘एस’, ते मनाचं. ह्यांचं ते पहिलंच अक्षर गेलं. हत्याराची ड्यूटी बंद झाली. दोनदा बरे होऊन परत गेले, दोनदा परत दाखल झाले. शेवटी नोव्हेंबर 2014 मध्ये बोर्डानं घरी पाठवलं. नोकरी झाली 12 वर्षं 8 महिने.

बोर्डाच्या कागदावर आजाराचं नाव होतं, अपंगत्व 40 टक्के, कायमचं, आणि त्याखाली ‘नाना’. आमच्याकडे नाना म्हणजे घरातलं वडीलधारं माणूस. फौजेच्या कागदात ही चार इंग्रजी आद्याक्षरं आहेत, आणि अर्थ असा की हा आजार नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीमुळे वाढलेलाही नाही. दहा वर्षांवर नोकरी असल्यामुळे इनव्हॅलिड पेन्शन लागली. पण तिच्यावर मिळणारा डिसॅबिलिटीचा भाग त्या ‘नाना’मुळे गेला. हिशेब असा असतो: शंभर टक्के अपंगत्व असेल तर शेवटच्या पगाराच्या 30 टक्के, आणि जेवढं अपंगत्व कमी तेवढी ती रक्कम कमी.

पैसे लागत होते, खोटं कशाला बोलू. पण पैशापेक्षा त्या शब्दाचं जास्त लागलं. गावात कुणाचा पाय सुरुंगात गेला तर त्याला पंधरा ऑगस्टला झेंड्याजवळ खुर्ची मिळते. ह्यांच्याबद्दल मात्र दबक्या आवाजात बोलायचे, की डोक्यात फरक पडला म्हणून काढलंय. आणि हे स्वतः काय म्हणायचे? ‘फौजेनं मला काही केलं नाही. मीच कमी पडलो.’ आजाराचं म्हणणं आणि बोर्डाचं म्हणणं एकच होतं. अपिलाच्या कागदावर सही करायला माणूस तयार होत नाही, तो आळशीपणाने नव्हे. आपल्याला झालं ते आपल्या दुबळेपणाने झालं, असं आजारच त्याला रात्रंदिवस सांगत असतो. घरातल्यांनी हे ओळखलं नाही तर सहा महिन्यांची मुदत अशीच निघून जाते.

मुदत कशीबशी गाठली. पहिलं अपील मार्च 2015 मध्ये केलं. गावातल्या एका रिटायर्ड सुभेदारांनी दोन पानं लिहून दिली, जीव लावून लिहिली. त्यात देशसेवा होती, घरची गरिबी होती, लेकरं होती. कागद मात्र एकही जोडलेला नव्हता. उत्तर आलं तीन ओळींचं: शांत ठिकाणी सुरू झालेला आजार, फील्ड किंवा उंचावरच्या नोकरीशी जवळचा संबंध दिसत नाही, अपील नामंजूर. दुसरं अपील वरच्या समितीकडे. तिथेही तेच, 2017 मध्ये. मी फाइल ट्रंकेत टाकली.

2018 मध्ये जिल्ह्याच्या माजी सैनिक मेळाव्यात एका निवृत्त अधिकाऱ्यांनी धरमवीर सिंग खटला समजावून सांगितला. त्या दिवशी मी पहिल्यांदा ताठ बसून ऐकलं. सिग्नल्समधला एक शिपाई, फिट्सच्या आजाराने 1994 मध्ये घरी पाठवलेला, नोकरी नऊ वर्षांच्या आत, अपंगत्व 20 टक्के आणि शेरा ‘नाना’. जुलै 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. फौजेच्या अपंगत्व पेन्शनच्या 1982 च्या नियमांचा न्यायालयाने लावलेला अर्थ असा: भरतीच्या वेळी दोषाची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असंच धरायचं, पुढे तब्येत बिघडली तर ती नोकरीमुळे असं मानायचं, ते सिद्ध करण्याचा बोजा जवानावर टाकायचा नाही, आणि शंकेचा फायदा त्यालाच द्यायचा. आजार भरतीच्या तपासणीत दिसला नसता, असं बोर्डाला म्हणायचं असेल तर त्यानं कारणं लिहायची.

कारणं लिहायची! मी अंगणवाडी सेविका. मुलाचं वजन कमी भरलं तर नुसतं ‘कमी’ लिहून माझी सुटका होत नाही. जुलाब झाले होते का, घरातले कामाला बाहेरगावी गेले होते का, पर्यवेक्षिकाबाई विचारतात आणि मी सांगते. तीन वर्षांच्या पोराच्या अर्ध्या किलोला कारण लागतं, आणि बारा वर्षं नोकरी केलेल्या माणसाला ‘नाना’ची चार अक्षरं पुरतात, हे मला पटेना. अजूनही पटत नाही.

त्या अधिकाऱ्यांनी सांगितलं, आधी कागद मागा. माहितीच्या अधिकारात अर्ज, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, सही जवानाची स्वतःची. ह्यांनी सही केली. का केली ते मला माहीत नाही. मी पेन पुढे केलं आणि त्यांनी घेतलं.

दीड महिन्यानं जाड पाकीट आलं. त्यात एक ‘एएफएमएसएफ दहा’ नावाचा फॉर्म होता. मनाच्या आजाराच्या जवानाबद्दल त्याच्या युनिटचे साहेब जो अहवाल देतात तो हा. मुलीच्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंना मी तो वाचायला दिला. कामात चांगला, दारू नाही, शिस्तीचा, असं सगळं लिहिलेलं होतं. आणि कारणाच्या जागी: घरगुती ताण, जमिनीचा वाद, पत्नीच्या तक्रारी. सोबत माझ्या पत्राची झेरॉक्स, आणि तिच्यावर कुणीतरी इंग्रजीत एक ओळ लिहिलेली, की बायको घरच्या अडचणींसाठी रजा मागते.

शाळेच्या बाईंनी ती ओळ मराठीत सांगितली तेव्हा मला उभं राहवेना. म्हणजे इतकी वर्षं फौजेच्या दप्तरात ह्यांच्या आजाराचं कारण म्हणून मी बसले होते. मला एका शब्दानं कुणी विचारलं नव्हतं. घरी आल्यावर मी ह्यांना काही सांगितलं नाही. रात्री चुलीपुढे बसून ती झेरॉक्स परत परत पाहिली, आणि मग लक्षात आलं की पान एकच आहे. मी पत्र पाठपोट लिहिलं होतं. मागची बाजू कुठे आहे?

परत अर्ज, परत पोस्टल ऑर्डर. उत्तर आलं की उपलब्ध प्रत आधीच दिली आहे. त्यावर माहितीच्या अधिकारातलं अपील केलं, मूळ कागदाच्या दोन्ही बाजूंची साक्षांकित प्रत मिळावी असं स्पष्ट मागितलं. चार महिने गेले. आणि मग आली मागची बाजू. माझंच अक्षर:

‘साहेब, मागच्या सुट्टीत ह्यांची तब्येत नरम होती. रात्रीची झोप नाही. जेवण नाही. एकटे बसतात आणि बोलत नाहीत. पहिले असे नव्हते. तिकडे त्यांना कुणी विचारत असेल तर बरे, नाही तर साहेबांनी एकदा बोलावून विचारावे. ते स्वतः सांगणार नाहीत.’

तारीख 14 जुलै 2011. म्हणजे हे सिक्कीमला उंचावर असतानाची. पीस स्टेशनला पोचायच्या वर्षभर आधीची. ज्या कागदावरून आजार घरच्या भांडणाचा ठरवला, त्याच कागदाच्या पाठीवर तो फील्डमध्येच सुरू झाल्याचं लिहिलेलं होतं. मराठी होती म्हणून वाचली नाही, की कागद उलटायचं राहून गेलं, ते मला कधी कळणार नाही.

2019 मध्ये आम्ही सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात अर्ज दाखल केला. महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा या तिन्हींचे खटले तिथे चालतात. उशीर झाला होता, त्याच्या माफीचा वेगळा अर्ज जोडावा लागला. सर्वोच्च न्यायालयाच्या 2008 च्या तरसेम सिंग निकालामुळे पेन्शनच्या हक्काला उशिरामुळे कुलूप लागत नाही, पण थकबाकी अर्ज केल्याच्या आधीच्या तीनच वर्षांची मिळते. ट्रंकेत फाइल ठेवून जी वर्षं घालवली त्यांची किंमत ही अशी.

वकील स्वतः फौजेतून निवृत्त झालेले. पत्राची मागची बाजू त्यांनी दोनदा वाचली, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, ‘वहिनी, हा कागद लॅमिनेट करू नका, आहे तसाच जपा.’

ऑक्टोबर 2019 मध्ये त्यांचा फोन आला, आवाज उतरलेला. नरसिंग यादव नावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्किझोफ्रेनियाच्या जवानाला पेन्शन नाकारली होती. मनाचे आजार भरतीच्या तपासणीत दिसतीलच असं नाही, त्यामुळे तेव्हा नोंद नव्हती एवढ्यावर ते नोकरीमुळे झाले असं आपोआप धरता येणार नाही, असा त्याचा सूर. मी कायदा शिकलेली नाही, पण मला हे तेव्हाही बरोबर वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. भरतीच्या वेळी मन तपासायची सोय नव्हती तर ती उणीव तपासणीची. तिचं ओझं अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरानं का वाहायचं? वकील म्हणाले, आता नुसत्या धरमवीरवर भागणार नाही. आजार कधी आणि कुठे सुरू झाला हे दाखवावं लागेल, आणि ते तुमच्या पत्रात आहे.

मग लॉकडाऊन आलं, तारखा पडत गेल्या. मी तीनदा मुंबईला गेले, रात्रीच्या एसटीने, पहाटे दादरला उतरून. एकदा हेही आले. सुनावणीच्या वेळी मागच्या बाकावर हात मांडीवर ठेवून, पाठ सरळ करून बसले होते. सरकारी वकिलांचा मुद्दा होता की हे 2014 मध्ये बाहेर पडल्यामुळे ह्यांना 2008 चे नियम लागू, आणि त्यांत निरोगी धरण्याचं ते जुनं वाक्य नाही. आमच्या वकिलांचं उत्तर असं की त्याच नियमांत दावेदाराला साधारणपणे पुरावा द्यायला लावू नये असंही लिहिलं आहे, आणि इथे तर पुरावा सरकारच्याच फायलीत होता. मग त्यांनी पत्राची मागची बाजू मोठ्यानं वाचली. आधी मराठीत, मग इंग्रजीत. ‘ते स्वतः सांगणार नाहीत’ हे वाक्य त्या खोलीत उच्चारलं गेलं तेव्हा ह्यांनी मान खाली घातली. मी त्यांच्या हातावर हात ठेवला नाही, चारचौघांत त्यांना आवडत नाही.

निकाल ऑगस्ट 2022 मध्ये आला. आजार नोकरीने वाढला असं न्यायाधिकरणानं मानलं. घरापासून लांब असताना घरच्या संकटात रजा न मिळणं हाही नोकरीचाच ताण, असं त्यात एक वाक्य आहे. ते मी पाठ केलं आहे. अपंगत्वाचे 40 टक्के राउंड करून 50 धरले. 50 च्या आतलं 50, त्यापुढचं 75 पर्यंत 75, आणि त्याहून वरचं 100, अशी ती पद्धत. प्रत्यक्ष पैसे जमा व्हायला 2023 चा दिवाळीनंतरचा काळ उजाडला, त्यासाठी अंमलबजावणीचा अजून एक अर्ज करावा लागला.

ज्यांचं माणूस अलीकडे बाहेर पडलं आहे त्यांच्यासाठी: 21 सप्टेंबर 2023 पासून नवे नियम आहेत, त्यानंतर बाहेर पडलेल्यांना ते लागू होतात. शब्दही बदलले आहेत. माझ्या अनुभवावरून त्यांचा अंदाज बांधू नका, फौजेचे खटले चालवणाऱ्या वकिलाला दाखवा. ‘पीस स्टेशनला सुरू झाला’ एवढंच कारण कुणी दिलं असेल तर मात्र मान खाली घालू नका. मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही एका मधुमेहाच्या खटल्यात तेवढं कारण पुरेसं नाही असं सांगितलं आहे. आणि अपील चालू असताना औषध बंद करू नका. बरा दिसला तर टक्के कमी होतील असं सांगणारे भेटतात. ह्यांनी एकदा गोळ्या थांबवल्या होत्या आणि ते तीन आठवडे मी विहिरीकडच्या वाटेला खाट टाकून झोपले. रात्री-अपरात्री बोलायला माणूस हवं असेल तर 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. सैनिकांसाठी त्याचा वेगळा कक्ष पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे फौजेच्या मेडिकल कॉलेजात, डिसेंबर 2023 पासून चालतो.

नवी पीपीओ, म्हणजे पेन्शनची ऑर्डर, आली तेव्हा मी ह्यांना ‘डिसॅबिलिटी’चा रकाना दाखवला. त्यांनी बोट ठेवून वाचला. मग म्हणाले, ‘ते पत्र तू लिहिलं होतंस, मला का नाही सांगितलंस?’ मी म्हटलं, ‘तुम्ही रागावला असता.’ ते म्हणाले, ‘हो, रागावलो असतो.’ आणि गाईला पाणी दाखवायला गेले.

परवा खटाव तालुक्यातून एक ताई आली. वय तिशीच्या आतलं, नवरा दोन वर्षांपूर्वी घरी आलेला, तेच आजाराचं नाव. पिशवीत बोर्डाचा कागद होता, डिस्चार्ज बुक होतं, पण तो दहा नंबरचा फॉर्म नव्हता. मी विचारलं, पलटणीला कधी पत्र लिहिलं होतंस का? आधी नाही म्हणाली. चहा झाल्यावर म्हणाली, व्हॉट्सॲपवर एकदा सुभेदार साहेबांना पाठवलं होतं, हे रात्री ओरडत उठतात म्हणून. जुना फोन माहेरी पडला आहे, स्क्रीन फुटलेला.

रविवारी ती तो फोन घेऊन येणार आहे. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर मी आणून ठेवली आहे, आणि अर्जात ‘प्रत्येक कागदाच्या दोन्ही बाजूंची प्रत’ हे शब्द आधीच लिहून ठेवले आहेत.